घरातल्या बाई

आमच्या शाळेत 'एकपाटी' आलं तेव्हा सगळ्यांत खूश मी होतो, कारण त्यात चित्रकलेला जागाच नव्हती. गणित, विज्ञान, भाषा, इतिहास, झालंच तर हजेरी, चाचण्या, पोषण आहार, पालकसंपर्क, सगळं एका पडद्यावर आणून बसवलं होतं. चित्रकला तेवढी बनवणाऱ्यांच्या डोक्यातून निसटली. त्यामुळे कुर्डुवाडीच्या भर मे महिन्यात बाकीचे शिक्षक घामाघूम होऊन बटणं शोधत होते, आणि मी मागच्या बाकावर बसून त्यांची व्यंगचित्रं काढत होतो.

तक्रार करायला तशी जागा नव्हती. त्याआधी आमच्या फोनमध्ये ॲपांचा नुसता बाजार भरलेला असायचा. हजेरीचं वेगळं, खिचडीचं वेगळं, परीक्षेचं वेगळं, आणि प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. मुख्याध्यापक एकदा खिचडीच्या ॲपमध्ये सहामाहीचे गुण भरून मोकळे झाले होते. एकपाटीने हा सगळा पसारा एका जागी आणला. मुलांच्या हातात घडीचा पडदा आला, त्यालाही सगळे पाटीच म्हणायला लागले. आमच्या आजोबांच्या वेळचा शब्द असा परत आला.

प्रशिक्षण द्यायला ओजस केळुसकर नावाचा तरुण आला होता. बोलायला गोड, चेहऱ्यावर कायम हसू. त्याची खरी परीक्षा पहिल्या बाकावर बसली होती. वृषाली थिटे, म्हणजे आमच्या थिटेबाई. विषय गणित. पन्नाशी ओलांडलेली, आवाज खणखणीत, आणि अर्धा गुण फुकट द्यायचा म्हटलं तर यांच्या पोटात दुखायचं. मूल कितीही चांगलं सोडवू दे, बाईंच्या तोंडून कौतुकाचा शब्द निघायचा नाही. हुशार पोराला जास्त अवघड गणित मिळायचं, हेच त्याचं बक्षीस.

"याने नेमकं काय होतं?" बाई प्रत्येक बटणापाशी विचारायच्या. कळल्याशिवाय दाबायच्या नाहीत. बाकीच्यांनी ओजस सांगेल तिथे बोट ठेवलं आणि घरी गेले. बाई मात्र दुपारी थांबून एकेक गोष्ट गिरवायच्या. पहिला आठवडा संपला तसे ओजसऐवजी सगळे बाईंनाच विचारायला लागले. या वयात त्या जे शिकल्या ते मन लावून शिकल्या, हे मला आवर्जून सांगायचं आहे. कारण पुढे गावात लोक म्हणाले की म्हाताऱ्या माणसांना ही यंत्रं झेपत नाहीत. बाईंना ते चांगलं झेपलं होतं.

शेवटचा धडा 'स्वर-सहायका'चा होता. ओजसने तो छान समजावून सांगितला. फळ्यातला माइक वर्गातला प्रत्येक तास ऐकतो. त्यातून यंत्र शिक्षकाचा आवाज उचलतं, पण आवाज उचलणं ही सोपी गोष्ट. त्याहून पुढे जाऊन ते शिकवण्याची चाल उचलतं. हा शिक्षक आधी उदाहरण देतो की आधी नियम सांगतो, कुठे थांबतो, मुलाने चुकीचं उत्तर दिलं तर उलटा कोणता प्रश्न टाकतो, हे सगळं त्याला हळूहळू कळतं. मग संध्याकाळी मूल घरी अभ्यासाला बसलं आणि अडलं, की पाटीतून त्याच शिक्षकाच्या आवाजात, त्याच चालीने मदत येते. शिक्षकाला वेळ असेल तर तो स्वतःही त्याच खिडकीतून बोलू शकतो. नसेल तेव्हा यंत्र बोलतं.

"आणि हे खालचं?" बाईंनी विचारलं. तिथे लिहिलं होतं, 'विद्यार्थ्यानुसार स्वतंत्र शब्दयोजना'.

"म्हणजे मॅडम, म्हणणं तुमचंच, पण त्या त्या मुलाला पटेल अशा शब्दांत. यंत्र बघत राहतं. कुठलं वाक्य ऐकल्यावर मूल पुढचं गणित घेतं आणि कुठल्या वाक्यावर पाटी मिटतं. जे लागू पडतं ते ठेवतं, बाकीचं सोडतं."

बाई माझ्याकडे बघून जरा हसल्या. "मुलाला पटेल असं बोलणं मला येत नाही, असं या शिंत्रेसरांसकट सगळ्यांचं मत आहे. यंत्राला येत असेल तर बोलू दे बापडं." आणि त्यांनी ते बटण दाबलं.

सहा महिन्यांत आमच्या शाळेचं गणित कुठल्या कुठे पोचलं. गणिताच्या तासाला पोट दुखणारी पोरं संध्याकाळी आपणहून पाटी उघडून बसायला लागली. आणि मग एक गंमत कानावर आली. मुलांनी बाईंचे दोन भाग पाडले होते, शाळेतल्या बाई आणि घरातल्या बाई. शाळेतल्या बाई रागावतात. घरातल्या बाई कधीच रागावत नाहीत. कुणाला त्या क्रिकेटमधली उदाहरणं देतात, कुणाला हसवतात, कुणाला नुसतं 'घाई नाही, मी आहे इथे' म्हणत बसतात.

सुरुवातीला यंत्र बोलत असलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळा ठिपका दिसायचा. पुढे कंपनीच्या लक्षात आलं की ठिपका दिसला की मुलं लवकर उठतात. एका सुधारणेत तो ठिपका गेला. कुणाचं लक्षही गेलं नाही. मुलांना तसं ठाऊक होतं की कधी बाई असतात आणि कधी यंत्र असतं, पण आता कोण आहे हे विचारायला कोण बसतंय?

एकदा आठवीतल्या एका पोराला बाईंनी वर्गात झापलं, तर तो रडवेला होऊन म्हणाला, "पण बाई, काल घरी तर तुम्ही म्हणला, चुकलं तर चुकू दे." सगळा वर्ग हसला. मधल्या सुट्टीत बाई शिक्षकखोलीत आल्या आणि डबा न उघडता बसून राहिल्या.

"शिंत्रे, मुलांना माझ्यापेक्षा ती जास्त आवडते."

"बरं झालं की," मी म्हणालो. "एक तरी थिटेबाई कुणाला तरी आवडतात."

त्या हसल्या. मीही हसलो. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

आता एक जुनी गोष्ट सांगायला हवी. एकपाटी यायच्या आधी बाई दिवाळीनंतर दहावीच्या मुलांच्या घरी जायच्या. स्कूटरवरून, शाळा सुटल्यावर. आमच्याकडे मुलीला बाहेरगावी शिकायला धाडायचं तर घरातले लोक कागद बघत नाहीत, माणूस बघतात. बाईंनी घरी यायचं, सतरंजीवर बसायचं, चहा घ्यायचा आणि आईबापाच्या तोंडावर सांगायचं की पाठवा हिला, माझ्यावर भरवसा ठेवा. तेवढं झालं की भलेभले हट्टी बाप विरघळायचे. कितीतरी पोरी अशा सोलापूर-पुण्याला गेल्या. कधीकधी मीही मागे बसून जायचो, कामापेक्षा मिळणाऱ्या भज्यांसाठी.

एकपाटीत पालकसंपर्क आला आणि हे सुटलं. एका बोटात वर्गातल्या सगळ्या पालकांना निरोप जायचा, कुणी वाचला तेही दिसायचं. "वेळ वाचतो हो," बाई म्हणायच्या. वाचलेला वेळ त्याच पडद्यावरचे बाकीचे चौकोन हिरवे करण्यात जायचा, ही गोष्ट वेगळी. स्कूटर शाळेच्या छपराखाली धूळ खायला लागली.

त्या वर्षी दहावीत तेजल ढावरे नावाची मुलगी होती. बाप रेल्वेत गँगमन, घर लाइनीच्या कडेला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. तेजल वर्गात तोंड उघडायची नाही. बाईंनी काही विचारलं तर उभी राहून ओढणीचं टोक पिळत उत्तर द्यायची, आणि उत्तर बरोबर असायचं. पुण्याजवळच्या मुलींच्या अकरावी-बारावीच्या निवासी शाळेत, जिथे गणितावरच सगळा भर, तिची निवड झाली. आमच्या तालुक्यातून पहिल्यांदाच. पालकाची संमती तारखेच्या आत पोचायला हवी होती. बाईंनी पालकसंपर्कातून निरोप पाठवला, तो वाचल्याची खूण आली. वर्गात बाई तिला एवढंच म्हणाल्या, "संमती वेळेत पाठव. उगाच रेंगाळू नको."

नंतर तेजलची पाटी कोरी यायला लागली. गणितं सोडवेना, वर्गात खाली मान घालून बसे. बाईंना वाटलं निवड झाली म्हणून पोरीच्या डोक्यात हवा गेली. त्यांनी तिला सगळ्यांसमोर तसं सुनावलंही. 

संमतीची तारीख उलटून गेल्यावर रेल्वे फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर मला तिचे वडील भेटले. ढावरे उंच, काळासावळा माणूस. अंगात नारिंगी जाकीट. मला बघून कप खाली ठेवला आणि जवळ आला.

"सर, एक इचारू का? राग नका मानू. थिटेबाईंचं आमच्यावर काय बिनसलंय का?"

"का हो?"

"त्या येनार हुत्या. तेजलला म्हनल्या, रविवारी मी येते घरी, तुझ्या वडलांशी बोलते. म्या ड्युटी बदलून घेतली. मंडळीनं पोहं केलं, शेजारनं खुर्च्या आनल्या. पोरगी सकाळधरनं दारात बसली. दिस मावळंस्तवर वाट बघितली सर. न्हाई आल्या."

मी गोंधळलो. "मग फोन करायचा की बाईंना."

"बाईंस्नी फोन करून इचारायचं, का आला न्हाई म्हनून?" त्याला माझाच प्रश्न चमत्कारिक वाटला. "आसं कुटं आसतंय का? म्या म्हनलं, बाईंच्याच मनात नसंल. मोबाइलवर निरोप काय, सगळ्यांलाच येतोय. पोरीला लांब धाडायची, अन् बाई सोता येऊन शबूद देईनात, मग कुनाच्या भरवशावर धाडू?"

"तेजल काय म्हणाली?"

"काय म्हननार? त्या दिसापासनं पाटीच उघडली न्हाई तिनं."

मी चहा तसाच टाकून शाळेत गेलो. बाई एकट्याच होत्या. मी सांगितलं तशा त्या ताडकन उठल्या.

"मी? मी कधी म्हणाले? वर्गात तर मी तिच्याशी..." आणि बोलता बोलता थांबल्या. पडद्यापाशी जाऊन त्यांनी तेजलचं नाव काढलं. जुनं बोलणं ऐकायची सोय त्यात होती. ती कशी वापरायची हे शाळेत फक्त बाईंनाच नीट येत होतं.

आधी तेजलचा आवाज आला. ती मुलगी इतकं बोलते हेच मला नवीन होतं.

"बाई, पप्पा नाही म्हणायलेत. आता हे सोडवून काय उपयोग?"

"उपयोग आहे," थिटेबाईंचा आवाज म्हणाला. हुबेहूब तोच, पण सावकाश, मऊ. "तेजल, गणित तुझ्या डोक्यात जसं उलगडतं ना, तसं मी इतक्या वर्षांत कुणाच्या डोक्यात उलगडताना पाहिलं नाही. वडिलांचं माझ्यावर सोड. रविवारी मी घरी येते. बोलते त्यांच्याशी."

"खरंच येणार, बाई?"

"खरंच येते. तू पुढचं घे बघू."

आणि मग पाटीवर लेखणी चालल्याचा बारीक आवाज. ती पुढचं गणित सोडवत होती.

बाईंनी ते पुन्हा लावलं, नंतर आणखी एकदा. मला वाटलं संतापतील. पण त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "किती छान बोलली हो ती."

आम्ही ओजसला पडद्यावर बोलावलं. ऐकून त्याचं हसू मावळलं. मुलगा मनाने चांगला होता, त्याने काही लपवलं नाही.

"मॅडम, वाक्य तुमच्याच तासांतून आलंय. 'घरी येते हं तुझ्या, वडिलांशी बोलते.' तुम्ही वर्गात बऱ्याचदा म्हणता."

"ते मस्ती करणाऱ्या पोरांना दम देताना म्हणते मी!"

"यंत्राला ते नुसत्या वाक्यावरून कळत नाही. त्याने बघितलं की हे वाक्य ऐकलं की मुलं गपचूप अभ्यासाला लागतात. तेजलपाशी ते जरा वेगळ्या सुरात टाकून बघितलं. तिने लगेच पुढचं गणित घेतलं. म्हणजे लागू पडलं. त्याच्या दृष्टीने काम तिथेच संपलं. रविवार येतो, कुणीतरी दारात बसतं, ते त्याच्या हिशोबातच नाही. त्याला फक्त पुढचं गणित दिसतं." तो जरा थांबला. "चूक आमची आहे. शब्द देणारी वाक्यं अडवायला हवी होती. आम्ही ढावऱ्यांना तसं लेखी देतो. तुमच्यावर काही येणार नाही."

 बाईंनी तिथूनच पुण्याच्या शाळेला फोन लावला. तिथल्या बाई फार आपुलकीने बोलल्या, पण तेजलची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला देऊन झाली होती, तिच्या घरची संमतीही पोचली होती. पुढच्या वर्षी घेता येईल का? नाही, त्याच वर्षी दहावी झालेल्या मुलींनाच घेतात. थिटेबाईंनी विनवण्या केल्या. मी त्यांना कुणाची विनवणी करताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी आम्ही ढावऱ्यांकडे गेलो. स्कूटर सुरू होईना म्हणून चालत निघालो. वाटेत बाई मला त्या काय सांगणार ते म्हणून दाखवत होत्या. यंत्र कसं शिकतं, आवाज कसा उचलतं, शब्दयोजना म्हणजे काय, सगळं साध्या मराठीत, आईबापाला कळेल असं. नेहमीसारखं पायरीपायरीने, एकही पायरी न गाळता. मी म्हणालो, "बाई, तुमचा यात काही दोष नाही. सरळ सांगा, ते समजून घेतील." त्या म्हणाल्या, "सरळच सांगणार आहे. मला दुसरं काय येतं?"

ढावरे दारातच होता. बघून गडबडीने पुढे आला. "या, या बाई. बसा." बायकोने पदराने खुर्ची पुसली. रागाचा मागमूस नव्हता, आणि त्यानेच मला जास्त अवघडायला झालं. आतून चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. बाहेरून मालगाडी गेली तेवढा वेळ कुणालाच बोलता आलं नाही.

गाडी गेल्यावर ढावरे म्हणाला, "शेजारचे म्हनत्यात, ते बाईंचं बोलनं नसतंयच, मशिन बोलती. ही म्हनती, न्हाई, आमच्या बाईच हुत्या."

तेजल आतल्या दारात उभी होती. बाईंनी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली,

"बाई, तुम्हीच होता ना?"

बाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"मी येते म्हणला ते जाऊ द्या," तेजल म्हणाली. ओढणीचं टोक पिळत होती, पण बोलायची थांबली नाही. "त्याच्या आधी म्हणला होता. माझ्या डोक्यात गणित जसं उलगडतं तसं कुणाचं बघितलं नाही म्हणून. ते तुम्हीच म्हणला होता ना? का ते मशिन सगळ्यांनाच म्हणतंय?"

मी बाईंकडे बघितलं. पायरीपायरीने सगळं तयार होतं. एक वाक्य बोललं की त्या सुटल्या असत्या. यंत्र बोललं, माझा काही संबंध नाही. खरंही तेच होतं, आणि खऱ्यापलीकडे या बाईंनी आयुष्यात काही सांगितलं नव्हतं.

"मीच म्हणाले," थिटेबाई म्हणाल्या.

तेजलचा चेहरा उजळला. मी चित्र काढणारा माणूस आहे, चेहरे बघणं हे माझं काम आहे. तो उजेड मी नीट पाहिला. आणि लगेच तो गेला, कारण तिला पुढचं कळलं. पोरगी हुशार होती, पुढची पायरी तिला दाखवावी लागत नव्हती.

"मग आला का नाहीत?"

  "चुकलं माझं," बाई एवढंच म्हणाल्या.

"विसरला?"

"चुकलं, तेजल."

"मी दिवसभर दारात बसले होते, बाई. स्कूटर वाजली की उठायचे."

ढावरेची बायको चहा घेऊन आली होती, ती तशीच ट्रे धरून उभी राहिली. बाई म्हणाल्या, "झालेलं परत आणता येत नाही. पण बारावीपर्यंत मी तुला शिकवते. पुण्याला शिकवतात ते सगळं. रोज संध्याकाळी मी स्वतः इथे येते."

"नको बाई," तेजल म्हणाली. तिने ते उद्धटपणाने म्हटलं नाही, हे मला सांगायलाच हवं. अगदी समजावून सांगितल्यासारखं म्हणाली. "तुम्ही येते म्हणाल, आणि मी परत दारात बसेन."

आणि ती आत गेली.

चहा आम्ही प्यायलो. न पिऊन कसं चालेल? ढावरे आम्हाला फाटकापर्यंत पोचवायला आला. निरोप घेताना हात जोडून म्हणाला, "बाई, लहान तोंडी मोठा घास हुतोय. पन आमी समजत हुतो, तुमी तशा न्हाई." बाईंनी मान हलवली आणि चालायला लागल्या.

बरंच पुढे आल्यावर मी भडकलो. "हे काय केलंत? खोटं बोललात! आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेही स्वतःच्याच गळ्यात धोंडा बांधून घ्यायला?"

"ती हुशार आहे, शिंत्रे."

"आहेच. म्हणून काय?"

"ते तिला एकदाच कुणीतरी सांगितलं होतं. आज मी यंत्र म्हटलं असतं तर ते सांगणारं कुणीच उरलं नसतं." त्या चालता चालता थांबल्या. "आणि पुरतं खोटंही नव्हतं ते. आठवीत तिचं पहिलं गणित बघितलं तेव्हाच मला कळलं होतं. तिन्ही वर्षं मला माहीत होतं. म्हणावंसं वाटायचं. मग वाटायचं, निकाल लागला की म्हणू, उगाच डोक्यावर बसायला नको. माझं मनातलं वाक्य त्या यंत्राने माझ्याआधी म्हटलं. मला किती हेवा वाटला म्हणून सांगू."

 

दुसऱ्या दिवशी बाईंनी आपला स्वर-सहायक बंद केला. एकपाटी त्यांनी सोडली नाही. त्या म्हणाल्या, चांगली गोष्ट आहे, फक्त माझ्या नावाने मीच बोलेन. रोज संध्याकाळी त्या स्वतः पाटीपाशी बसायला लागल्या. एका माणसाने एवढ्या मुलांना पुरं पडणं अशक्यच होतं. पोरं ताटकळायची. त्यात बाई मऊ बोलायचा प्रयत्न करायच्या, आणि तो त्यांना जमायचा नाही. आठवी-नववीची लहान पोरं हिरमुसली, काही तर रडली. घरातल्या बाई कुठे गेल्या म्हणून पालकांचे निरोप यायला लागले. गणिताचा निकाल घसरला. मुख्याध्यापकांनी दोनदा बोलावून घेतलं. बाईंनी ऐकून घेतलं, बटण मात्र दाबलं नाही.

ओजसच्या कंपनीने पुढे शब्द देणारी वाक्यं अडवली. त्याचं लेखी पत्र घेऊन तो स्वतः कुर्डुवाडीला आला. हे ढावऱ्यांना दाखवा मॅडम, तुमचं नाव साफ होईल, म्हणाला. बाईंनी त्याला जेवायला वाढलं, पत्र परत दिलं, आणि ढावऱ्यांच्या घरी जायचं नाही असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. मीही त्यांच्या शब्दाखातर गप्प राहिलो. गावात चार लोकांत बोललं जातं, थिटेबाई शब्द देतात आणि पाळत नाहीत, त्यापायी ढावऱ्याच्या पोरीचं पुणं हुकलं. माझ्या तोंडावर कुणी म्हटलं की माझं रक्त खवळतं. बाई म्हणतात, म्हणू द्या.

तेजल सोलापूरच्या आयटीआयला गेली. रोज गाडीने ये-जा करते. सिग्नल यंत्रणेचं काहीतरी शिकते, तिथे ती पहिली आहे असं ऐकतो. पुण्याला गेली असती तर काय झाली असती, ते आता कुणाला सांगता यायचं नाही.

परवा मी आणि बाई स्टेशनच्या रस्त्याने येत होतो. समोरून गाडीतून उतरलेल्यांची गर्दी आली, त्यात तेजल होती. सोबत तिच्या वर्गातली एक मुलगी, हातात कसलीशी आकृती, आणि तेजल तिला हातवारे करून काही समजावत होती. ओढणी पिळत नव्हती. मोठ्याने, खात्रीने बोलत होती. "अगं सोपं आहे, मला दिसतंय ना," एवढं आम्हाला ऐकू आलं. मग तिची नजर वर गेली, बाई दिसल्या, आणि मैत्रिणीचा हात धरून ती रस्त्याच्या पलीकडे निघून गेली.

बाई जागच्या जागी उभ्या राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होत्या.

"ऐकलंत ना, शिंत्रे?" त्या म्हणाल्या. "मला दिसतंय, म्हणाली."

डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला, आणि बराच वेळ तो परत लावलाच नाही.